नाक्यावरचा चहा

"बाई, तुम्ही जुनी ओळख असल्यासारखं बोलता," चहा ओतत कमांडर तोमास हसला.

शर्वाणीही हसली. त्याचे फोन चोरून ऐकून घडवलेल्या यंत्रातल्या बोलणाऱ्या नकली तोमासशी तिने वर्षभर वाटाघाटींचा सराव केला होता. त्याच्या नाक्यावर तिच्या औषधांच्या गाड्या अडल्या होत्या आणि पलीकडच्या वेढलेल्या शहराला त्यांची गरज होती. तोमास आता हो म्हणणारच होता.

"एलियो असता तर त्यालाही हेच पटलं असतं," ती म्हणाली.

तोमासने किटली खाली ठेवली. "माझ्या गेलेल्या मुलाचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

तुम्हीच, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. त्यानेच रडत सांगितलं होतं, पण यंत्रात.

"गाड्या मागे फिरवा," तोमास म्हणाला.

सवयीने तिचा हात टेबलाच्या कडेला गेला. सराव पुन्हा सुरू करायचं बटण तिथे नव्हतं.