‘सेट’चे छत्तीस अर्थ

१९७४च्या भर उन्हाळ्यात आमच्या चिंचवडच्या कारखान्यात भट्टीवरच्या कामगारांना इंग्रजी शिकवायचं ठरलं. रोज दुपारी तासभर, ऑफिसातल्या पंख्याच्या खोलीत. शिकवणारा मी, टाइम ऑफिसातला कारकून.

भट्टीवरचे मालोजीराव रोज विचारायचे, "सर, ‘सेट’चा आनखी येखादा अर्थ असंल की!" मी खूश! मशीन सेट करणं झालं, कपबश्यांचा सेट झाला, टेनिसचा झाला, सूर्यसुद्धा सेट झाला. हा शब्द काही अर्थांनी जुन्या इंग्रजीतून आला आणि काही अर्थांनी लॅटिनमधून, हेही त्यांनी घडाघडा पाठ केलं. घरी मी बायकोला, अरुंधतीला सांगायचो, "काय जिज्ञासा आहे गं माणसाला!"

परीक्षेत सगळे पास झाले. मालोजीरावांचा पेपर तेवढा कोरा.

मी भडकलोच. "अहो, छत्तीस अर्थ पाठ आहेत तुम्हाला! एक तरी लिहायचा!"

त्यांनी डोक्यावरच्या पंख्याकडे निवांत पाहिलं.



"सर, पास झाल्याली समदी उद्या दुपारी भट्टीवर. नापासाला आनखी तीन म्हयनं हितंच बसायचं हाय."