दुपारचं ग्रहण

निरवांगीतल्या घराच्या अंगणात बुद्धपौर्णिमेचा चंद्र वर आला, तेव्हा राजेश्वरी मोबाइलवर बघून म्हणाली, “आजी, आजचं ग्रहण छायाकल्प हाय, पाळायचं नसतं. हेच ग्रहण फिरून फिरून येतं; मागच्या फेरीला अठरा वर्षं अकरा दिवसांपूर्वी, हनुमान जयंतीला आलेलं. तवा दुपारी लागलं, आपल्याकडं दिसलंच न्हाय.” शेंगा सोलणारे द्वारकाबाईंचे हात थांबले. त्या दुपारी पेपरातली वेळ बघून त्यांनी राजेश्वरीच्या वेळी सात महिन्यांच्या गरोदर असलेल्या सुनेला, अनिताला, पत्र्याच्या खोलीत कडी लावून बसवलं होतं. तिनं तीनदा पाणी मागितलं. बाळाला बाधेल म्हणून त्यांनी तुळशीपत्र घातलेला तांब्या दाराबाहेरच ठेवला. आता अनिताच तो तांब्या भरून घेऊन आली. “घ्या, आत्या.” द्वारकाबाईंना मान वर करवेना. “पुनवेला दुपारी चंद्र नसतो, एवढंबी मला कळलं न्हाय गं.” अनितानं तांब्या त्यांच्या हातात दिला. “मला तवाच कळलं व्हतं.”