रविवारच्या आत

लॅपटॉप पुन्हा बंद पडला तेव्हा मंजुळाचा डोळा नुकताच लागला होता.

आतल्या पंख्याची घरघर थांबली, नि खाटेवर पडल्या पडल्याच तिने ओळखलं. पडद्यावरचं ते निळं बेट, धुक्यातली झाडं, जयेशचा ढाल-तलवारवाला गडी, सगळं एका क्षणात काळं झालं. रोज दुपारी ती अशीच कुशीवर पडून मिटत्या डोळ्यांनी पोराचा लॅपटॉपवरचा गेम बघायची. खिडकीतून खाडीचा ओला वारा यायचा, छतावर पाण्याचा उजेड हलायचा, नि आपलं कोलशेत कुठे संपलं आणि ते बेट कुठे सुरू झालं हे तिला कळायचंच नाही. कधी कधी बेटावर ती स्वतःच मासळी वाळत घालत असायची.

"काय झाला रं बाला?"

"गेला परत," जयेश म्हणाला. "एवढा तापलाय, वर भाकरी भाजून निघेल."

रविवारी कल्याणला ह्याच गेमच्या स्पर्धेची फायनल होती. कितीतरी पोरांतून दोघंच उरलेले. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा, आणि जिंकणाऱ्याला थेट गेम बनवणाऱ्या कंपनीच्या टीममध्ये नोकरी. बावीस वर्षांच्या जयेशच्या हाताला लागलेली ही पहिलीच धड गोष्ट. चारचौघांत काही वाईट झालं तर हे पोर खचून जाईल, ही एकच काळजी मंजुळाला लागली होती.

तिच्या नवऱ्याला, धाकूला, असली काळजी नव्हती. त्याने गेल्या रविवारीच बंदरावर भलामोठा फ्लेक्स लावून टाकला होता. मध्ये जयेश, वर 'विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली सतरा शुभेच्छुकांची तोंडं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच!

"अवो, खेळायचाय अजून त्याला," मंजुळा म्हणाली होती.

"जिंकल्यावर तर कोणीपण लावतो," धाकू म्हणाला. कल्याणला जायला त्याने आळीसाठी टेम्पोही ठरवला होता.

आणि सोमवारपासून लॅपटॉप तापून बंद पडायला लागला. जयेशने खाली दोन पुस्तकं ठेवली, शेजारी टेबलफॅन लावला, गेमची चित्रं हलक्या दर्जाची करून पाहिली. दहा मिनिटं चालायचा, की धप्प! शुक्रवारी धाकूने कोणाला न विचारता कोपरीच्या सिद्धेशला फोन लावला. सिद्धेश म्हणजे त्याच्या मित्राचा मुलगा, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवणारा. दुपारी तो पिशवी घेऊन दारात हजर झाला.

"गादीवर ठेवून खेळतोस का रे?"

"नाही, टेबलावरच."

"कधी उघडून साफ केलेला?"

"दोन महिने झाले."

"मग एवढा तापायला नको." सिद्धेशने लॅपटॉप उलटा केला, खालची जाळी बोटाने चाचपली. "हवा इथून आत जाते, मागून बाहेर पडते. कुठेतरी कोंडलीय."

त्याने एकेक स्क्रू काढून कागदावर ओळीने मांडला आणि झाकण उचललं. खाली अंथरलेल्या पेपरवर लालभडक भुकटी सांडली.

"च्यायला, हे तर कुंकू!"

पंख्याच्या पात्यांवर त्याचा चिखल झाला होता, खाडीच्या दमट हवेने पार घट्ट बसलेला. जयेशने आधी कुंकवाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तू ह्याची पूजा करतेस?"

मंजुळाने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. होडीच्या इंजिनाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय धाकू पाण्यात उतरत नाही, हे सिद्धेशलाही माहीत होतं. तो हसू दाबत खाली बघायला लागला.

"इंजिनाला लावतो ना आपण," ती सावकाश म्हणाली. "म्हटला, ह्याला पन लावावा. चुकला माझा."

"चुकला काय! सगळं घालवलंस तू!" जयेश ओरडला. "आता लोकांना काय सांगू? आईने पूजा करून बंद पाडला?" मग तो मटकन बसला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ दे. आता काय करणार? माझं नाव काढा म्हणून फोन करतो."

"अरे थांब की! तासाभरात चालू करून देतो," सिद्धेश म्हणाला. "फक्त पंखा धरलाय."

 जयेश चहाला दूध आणतो म्हणून उठला आणि एका पायात बापाची, एका पायात स्वतःची चप्पल घालून निघून गेला.

दुपार कलत गेली. सिद्धेश ब्रशने कुंकू झाडत होता आणि वाऱ्याने थोडं थोडं फरशीवर पसरत होतं. मंजुळा भिंतीला टेकून बघत राहिली. थोड्या वेळाने बेट पुन्हा उजळलं, झाडं हलली. अर्धा तास झाला तरी लॅपटॉप गारच.

"काकू, मनाला लावून घेऊ नका," सिद्धेश म्हणाला. "आईची माया ती. आता रविवारी पठ्ठ्या मैदान मारतोय बघा."

मंजुळा उठली. बेटाकडे एकदा डोळे भरून पाहून तिने स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला.

"सिद्धेश, एक काम कर बाला. तो आला की सांग, आतला पार्ट जळलाय. रविवारच्या आत नाय मिळायचा."

"काय बोलताय काकू? अहो, सगळं खापर तुमच्यावर फुटेल. जन्मभर आळी तुम्हाला नावं ठेवेल."

"ठेवू दे." तिने दाराबाहेर, रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "मी त्या लॅपटॉपला कधी बोट पन नाय लावला रं. चार दुपारी, मी झोपलेय असा समजून, माझ्या कोयरीतला कुंकू तोच आत ओतत होता, आणि हात नुसते थरथरत होते पोराचे."