रिकामा डबा

जावा बेटावरच्या मागेलांग शहराजवळच्या आमच्या गावात मी बायकांना इंग्रजी शिकवते. काल फळ्यावर दोन शब्द लिहिले. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. आमच्या बोलीत दोन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून सगळ्या घोळ घालतात.

लेंडचं वाक्य लेगिनाने केलं. "मी शेजारणीला जेवणाचा डबा उसना दिला. तो परत आलाच नाही."

सगळ्या खुदकन हसल्या. शेजारीण म्हणजे वार्सिनी, मागच्याच बाकावर बसलेली. ईदपासून दोघी बोलत नव्हत्या.

बॉरोचं वाक्य करायला वार्सिनी उठली. "मी शेजारणीचा डबा उसना घेतला. रोज घासून ठेवते."

"मग देत का नाहीस, बाई?" लेगिनाने मागे न बघताच विचारलं.

"रिकामा कसा देऊ? नवरा गेल्यापासून आमचंच जेमतेम भागतंय. त्यात घालू काय?"

वर्ग सुटला तशी लेगिनाने बाजारातून आणलेला कसावाचा कंद पिशवीतून काढला आणि वार्सिनीच्या ओच्यात टाकला.

"हा उकड आणि उद्या डब्यातून घेऊन ये. मीठ बेताचं घाल. मागच्या खेपेला खारट केला होतास."