अंगणातला दीड तास

सव्वापाच वाजले तरी धाकट्याचा पत्ता नव्हता. भेटायचं ठरलं होतं चारला. थोरल्याने पुन्हा एकदा मनगटावर नजर टाकली. घड्याळ चुकत नव्हतं. चुकेल कसं? चाळीस वर्षं त्याने शहरभराची घड्याळं दुरुस्त केली होती, आणि शहरभराला वेळेवरून बोल लावले होते.

पबच्या मागच्या अंगणात तो भिंतीला टेकून बसला होता. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे, पण वारा इथेच मुक्कामाला आलेला. शेजारच्या टेबलावर चार मित्रमैत्रिणी बिअर पीत खिदळत होत्या. कुणाचं तरी कुत्रं टेबलाखाली निवांत घोरत होतं. सगळे मजेत. थोरला तेवढा कानावरून मफलर गुंडाळून शिंका देत होता. उघड्यावर बसलं की त्याचं नाक वाहायचं, गुडघे धरायचे. पण धाकट्याचा बंद जागेत जीव गुदमरतो, शिवाय दर अर्ध्या तासाला त्याला सिगारेट लागते. म्हणजे स्वारी अंगणातच येणार. म्हणून थोरला मागच्या गल्लीच्या दारानेच आत शिरला होता आणि थेट इथे येऊन बसला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने धाकट्याच्या कलाने घेतलं होतं. त्याचं त्याला मनातून जरा कौतुकही वाटत होतं.

नऊ वर्षं दोघांत अबोला होता. आई गेली तेव्हा धाकटा बोटीवर, नोकरीत. "संध्याकाळपर्यंत पोचतो दादा, तेवढं थांब," असा त्याचा फोन आला होता. थोरला थांबला नाही. दुपारी दोनची वेळ ठरलीय, दोन म्हणजे दोन, म्हणाला. धाकटा धापा टाकत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. त्यानंतर फोनवर दोघं एकमेकांना जे बोलले, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

शेवटी बहिणीने कंबर कसली. "शनिवारी चारला भेटा," तिने दोघांनाही बजावलं. "आणि भेटेपर्यंत फोन नाही, मेसेज नाही. फोन हातात आला की तुम्हा दोघांची अक्कल गहाण पडते."

गेले चार दिवस थोरला एकच वाक्य घोकत होता. 'थांबायला हवं होतं रे मी. चुकलो.' एवढंसं वाक्य! पण दुकानात एकटा असताना म्हणून बघितलं तरी पुरं व्हायचं नाही. आज ते बोलायचंच, असं ठरवून तो घरातून निघाला होता.

वेटर तिसऱ्यांदा आला. "काका, कुणाची वाट बघताय का? आत बघून येऊ?"

"आत कशाला असेल तो? आणि असला तरी धाकटा आहे. त्याने मला शोधायचं की मी त्याला?"

वेटर बिचारा रिकामा ट्रे घेऊन निघून गेला.

साडेपाच झाले. आता थोरल्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. हा आलाच नाही. मुद्दाम आला नाही. मला इथे गारठ्यात बसवून नऊ वर्षांचं उट्टं काढलं. आणि मी मूर्ख, त्याच्यासाठी शिंका देत बसलोय! राग मस्तकात गेला. त्याने फोन काढला. केसाएवढे स्क्रू बसवणारी बोटं ती, त्यांना अक्षरं जड नव्हती. 'त्या दिवशी तुझ्यासाठी थांबलो नाही, तेच बरं केलं.' मेसेज गेला. क्षणभर त्याला बरं वाटलं. अगदी क्षणभरच.

पुढच्या दाराने घरी जायचं म्हणून तो आतल्या हॉलमधून निघाला. आत चांगलंच उकडत होतं. काउंटरवरची बाई एक फोन घेऊन लगबगीने बाहेर आली ती त्याच्यावर आदळतच होती.

"जरा वाट द्या हं काका. त्या कोपऱ्यातल्या साहेबांचा फोन वाजलाय. तीनपासून बसलेत हो! हातात राहिला तर बहिणीची अट मोडेन म्हणाले, म्हणून माझ्याकडे ठेवायला दिला. भावाला वारा सोसत नाही म्हणून खिडक्या लावायला लावल्या, पंखा बंद करायला लावला. स्वतः घामाघूम झालेत. म्हटलं, बाहेर जाऊन एक सिगारेट तरी ओढून या. तर म्हणतात, नको, तेवढ्यात दादा यायचा आणि मी नसायचो."

ती पुढे गेली. थोरल्याने मान वळवली. कोपऱ्यात, पंख्याखाली, धाकटा बसला होता. केस सगळे पांढरे झालेले, शर्ट पाठीला चिकटलेला. समोरची खुर्ची त्याने अलगद बाहेर ओढून ठेवली होती, कुणी आलं तर बसायला त्रास नको म्हणून.

थोरल्याने हाक मारायला तोंड उघडलं. 'छोट्या' म्हणायचं होतं. नऊ वर्षांत हे नाव त्याच्या तोंडी आलं नव्हतं.

"दादाचा मेसेज!" धाकटा त्या बाईला म्हणाला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "बघा, म्हटलं नव्हतं मी? अडकला असेल कुठेतरी, पण दादा कळवल्याशिवाय राहायचा नाही." आणि त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.