आपोआप विझणारे दिवे

हरित प्रमाणपत्रासाठी तपासणीला आलेली समिती दुसऱ्या मजल्यावर पोहोचली. प्राध्यापिकेने फाइल छातीशी घट्ट धरली. समितीचे तिघे एका वर्गात शिरले, छताकडे बघून बाहेर आले. दार लागलं. थोड्या वेळाने आतले दिवे विझले.

"वा! आपोआप!" समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

आपोआप कसले! जिन्याशेजारी मजल्याच्या वीजपेटीची चिंचोळी खोली होती. तिथे अंग चोरून उभा राहिलेला वायरमन दाराच्या फटीतून बघत बटणं दाबत होता.

मॅनेजमेंट शिकवणाऱ्या या संस्थेने दोन वर्षांपूर्वी पर्यावरणाचा वसा घेतला आणि प्रत्येक वर्गाच्या छताला सेन्सर बसवले. हालचाल थांबली की दिवे बंद. त्या वर्षी विजेचा वापर सत्तावीस टक्क्यांनी घटला. प्राध्यापिकेने त्यावर शोधनिबंध लिहिला, तीन परिषदांत टाळ्या मिळवल्या आणि विभागप्रमुख झाली. आता संस्थेला हरित प्रमाणपत्र मिळायचं होतं, आणि संचालकांनी घाईघाईने ते माहितीपुस्तिकेत छापूनही टाकलं होतं.

मागच्या आठवड्यात तिच्या वर्गातला एक दिवा गेला. वायरमन शिडीवर चढला आणि वरूनच सहज म्हणाला, "मॅडम, हे सेन्सर नुसते लुकलुकतात. यांची वायर दिव्यांना जोडलेलीच नाही."

"मग दिवे कोण बंद करतं?"

"मी. दोन वर्षांपूर्वी मला हॉस्टेलवरून इकडे टाकलं ना, तेव्हापासून. दिवसाला चार फेऱ्या. पोरं अंधारमामा म्हणतात मला."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. शोधनिबंध, टाळ्या, विभागप्रमुखाची खुर्ची, सगळं या शिडीवरच्या माणसाच्या पायपिटीवर उभं होतं. खरं सांगून टाकावं, असं तिला दोन दिवस वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी ते वाटणं थांबलं.

"मामा, समिती येईल त्या दिवशी तुम्ही दिसायचं नाही," ती त्याला म्हणाली. "फक्त दिवे विझले पाहिजेत. एवढं पार पडू दे, तुम्हाला कायम करायचं मी स्वतः संचालकांशी बोलते."

वायरमन अकरा वर्षं कंत्राटावर होता. दर वर्षअखेरीला तो जीव मुठीत धरून ऑफिसबाहेर उभा राहायचा. त्याने मान डोलावली.

आणि आता सगळं सुरळीत चाललेलं असताना प्रमुख बाईंना हुक्की आली. "या वर्गात मी एकटी बसते," त्या म्हणाल्या. "अजिबात हलणार नाही. पाच मिनिटांत दिवे जायला हवेत, नाही का?"

त्या आत जाऊन बसल्या. दार लागलं. पाच मिनिटं झाली, सहा झाली. दिवे लखलखीत. समितीतला एक जण घड्याळाकडे बघू लागला. फोनचं निमित्त करून प्राध्यापिका तडक वीजपेटीच्या खोलीत घुसली.

"मामा, बंद करा ना!"

"आत माणूस आहे, मॅडम."

"माहीत आहे मला! बंद करा."

"दाराच्या काचेतून दिसतायत की त्या. समोर बसलेल्या माणसाचा दिवा कसा घालवायचा?"

"तुमची नोकरी आहे यात, कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळत होतं. त्याचा चेहरा पार उतरला. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. प्राध्यापिकेने त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतः बटण दाबलं.

प्रमुख बाई अंधारातून हसत बाहेर आल्या. "इतकं चोख काम मी कुठेच पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. प्रमाणपत्र तिथल्या तिथे पक्कं झालं. अट एकच, पुढची तीन वर्षं विजेचा वापर वाढता कामा नये.

प्राध्यापिकेने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी ती संचालकांकडे गेली. संचालक खुशीत होते. वायरमनचं नाव निघताच त्यांनी समितीचा अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"कायम? अहो, दिवे बघायला आता माणूस लागत नाही, हे तुम्हीच तर काल सिद्ध करून दाखवलंत! त्याचं कंत्राट या महिन्यात संपतंय. संपू दे."

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. तिने तोंड उघडलं. मग विभागप्रमुखाची खुर्ची आठवली, आणि तिने नुसती होकाराची मान हलवली. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महिनाअखेरीला वायरमन तिचा निरोप घ्यायला आला. ती उठून उभी राहिली. तो शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. तो उगाच टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"बिल वाढून चालणार नाही म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे आता फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागणार."

तो पुढे बोलला, नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसा, शांतपणे:

"शेवटच्या बाकावर कोणीतरी डोकं टेकून बसलेलं असतं, मॅडम. दारातून दिसत नाही. आत जाऊन बघायचं, मगच बंद करायचं."