मानेवरची पट्टी

दुपारी दोन वाजता कॉलेजच्या पर्यावरण मंडळाची अध्यक्ष सुकेशनी मेश्राम फाटकापाशी सतरंजी अंथरून बसली. फलकावर तापमान एकोणपन्नास अंश दिसत होतं. गेल्या उन्हाळ्यात याच जागी सहाशे मुलं तिच्यासोबत बसली होती. मैदानातली झाडं तोडू नका आणि दुपारचे तास सकाळी घ्या, एवढंच मागणं होतं. पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः खाली आले आणि म्हणाले, "तुमचा त्रास आम्हाला कळला." जूनमध्ये प्रत्येकाला ओळखपत्रासोबत मानेवर चिकटवायची पट्टी मिळाली. ती लावली की ऊन जाणवत नाही.

झाडं जुलैत तोडली. कोणी काही बोललं नाही.

यंदा पट्टी न लावलेली दोघंच उरली होती, ती आणि मंडळाचा सचिव हर्षल वाढई. समोर मुलं भर उन्हात क्रिकेट खेळत होती. एक जण कोसळला. त्याला उचलून व्हरांड्यात ठेवलं आणि डाव पुढे सुरू झाला.

हर्षल आज उशिरा आला आणि शेजारी टेकला. "घोषणा काय द्यायच्या, ते सांग," तो शांतपणे म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद होता, पण घामाचा एक थेंब नव्हता. सुकेशनीने त्याच्या मानेकडे पाहिलं. पट्टी नवीकोरी होती.

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला चटका बसला.

हर्षलने डोळे मिटले.

"तुझा हात किती गार आहे गं," तो म्हणाला.